धावपट्टीवरच्या मिरच्या

कुणाच्या अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या दिसल्या, की मला अजून धुळ्यातली ती केस आठवते.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. मी तालुका ठाण्यात फौजदार होतो. सोनगीरच्या अलीकडे सकाळी एका पांढऱ्या अँबॅसिडरने सायकलवरच्या सुताराला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. सुतार जागीच गेला. संध्याकाळी एका तेलगिरणीच्या मालकांचा ड्रायव्हर आपण होऊन हजर झाला.

"गाडी मन्हाच हातमा व्हती, साहेब," एवढंच तो म्हणाला.

गाडीचा पुढचा दिवा फुटलेला होता. कबुलीही होती. पण सायकल कोणत्या बाजूने आली, हे त्या पट्टीच्या ड्रायव्हरला सांगता येईना. खोटं बोलणारा माणूस गोष्ट पाठ करून येतो, रस्ता पाठ करून येत नाही. त्याची बायको व्हरांड्यात बसून होती.

ती गाडी मालकांचा मुलगाच पळवतो, हे गावभर माहीत होतं. पण अपघातानंतर तासाभरातच तो जळगावला मित्राच्या लग्नात अक्षता टाकत होता. मांडवभर साक्षीदार! पारोळा-एरंडोलवरून गाडी कितीही हाणली तरी दोन तास लागत. भल्या पहाटे दुसऱ्या गाडीने गेला, असं घरच्यांनी जबाबात सांगितलं होतं. मी तो जबाब फायलीला लावला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी ठाण्यात आली आणि तिने ठाणं डोक्यावर घेतलं.

"मन्या बठ्ठ्या मिरच्या इमाननी उडाई दिन्यात!"

विमानाने मिरच्या उडवल्याची तक्रार ऐकून ठाणे अंमलदार पोट धरून हसला. मी तिला खुर्ची दिली. "बसा अक्का, नीट सांगा."

गावाबाहेरच्या धावपट्टीवर आसपासच्या बाया मिरच्या वाळवत. विमान यायचं-जायचं असलं, की चौकीदार लोखंडी पट्टी बडवी आणि बाया मिरच्या गोळा करत. ते विमान जळगावच्या त्याच लग्नाला आलेल्या एका मुंबईकर पाहुण्याचं होतं. पाहुणा धुळ्यात मालकांकडे उतरून मोटारीने लग्नाला गेला होता; त्याला परत न्यायला ते दुपारून जळगावला निघणार होतं. पण म्हातारी म्हणाली, काल सकाळीच एक तरुण धापा टाकत आला, बायांवर खेकसला आणि विमान उडवायला लावलं. पट्टी वाजलीच नाही.

मंत्र्यांचं विमान असलं तरच आम्हाला बंदोबस्ताचं कळे. धुळ्याहून जळगावला कुणी विमानाने जाईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. हवेतून तो वीस-पंचवीस मिनिटांचा मामला!

चौकीदाराने आणि वैमानिकाने सरळ जबाब दिले: तो तरुण मालकांचा मुलगाच होता. ते वाचून दाखवल्यावर ड्रायव्हर रडायलाच लागला.

"मालकनं मीठ खायेल शे, साहेब."

व्हरांड्यातून त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "मीठ मालकनं शे, पन पोरे तुमनाच शेतस ना?"

त्याने मान वर केली आणि खरं सांगितलं. मुलाला त्याच संध्याकाळी आम्ही ताब्यात घेतलं. ड्रायव्हर बायकोबरोबर घरी गेला. त्या दोघांना फाटकातून जाताना पाहून मला फार बरं वाटलं.

बंदोबस्तात आणि तपासात आयुष्य गेलं. हुशार गुन्हेगारही पाहिले. तो मुलगा हुशारच होता. बायांना मिरच्या गोळा करायला जरासा वेळ दिला असता, तर म्हातारी ठाण्यात आलीच नसती आणि एक निर्दोष माणूस तुरुंगात गेला असता. पण त्याला त्या मिरच्या दिसल्याच नाहीत.