गुंजांचं दूध

औषधांच्या कारखान्यात तिला सगळे कटकटमावशी म्हणायचे, तेही तोंडावर. बाईचा जीव कधी थाऱ्यावर नसायचा. काम तसंच होतं म्हणा. वैद्यांच्या गोळ्यांत गुंजा पडायच्या, आणि कच्ची गुंज म्हणजे विष. तिची सालं काढायची, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि दुधात टांगून उकळायची. विष दुधात उतरतं, गुंज औषधाच्या कामाची होते. दूध मग खड्ड्यात ओतायचं. तोवर कुणी चुकून पिऊ नये म्हणून मावशी त्यात हळद टाकायची. पिवळ्या दुधाला हात लावायचा नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

त्या दिवशी वैद्यांशी तिची जुंपली. आच मंद ठेवा म्हणून ते सारखे बजावत होते, ही म्हणाली, मला शिकवू नका. त्याच तणतणीत पुरचुंडी धुवायला नेली, आणि हळद राहिली ती राहिलीच.

तासाभरानं परत येऊन बघते तर पातेलं घासून पालथं घातलेलं. बायकांनी सांगितलं, बाटल्या भरणाऱ्या तिच्या सुनेनं घरी जाताना पांढरं दूध बघितलं, चांगलं उरलंय असं समजून लेकीसाठी नेलं. मावशी अनवाणीच पळत सुटली. मेले गं बाई, आता कुठल्या तोंडानं जगू, असं बडबडत ती घरात शिरली.

ओट्यावर रिकामा पेला होता. सून मागं कपडे वाळत घालत होती.

"तू प्यायलीस?" मावशीनं नातीला दंडाला धरून विचारलं.

"हो आजी. सगळं प्यायले."

मावशीनं तिला कडेवर घेतलं आणि सुनेला ओरडून सांगितलं, रिक्षा बघ, दवाखान्यात न्यायचंय. पोरीनं भोकाड पसरलं. दूध म्हटलं की ती नाक मुरडायची, आणि दूध टाकलं की आजीचा धपाटा ठरलेला.

"मारू नकोस ना," ती हुंदके देत म्हणाली. "मी मोरीत ओतलं."

मावशी मोरीकडे धावली. जाळीवर साय अडकलेली होती. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि पोरीला छातीशी धरून ढसाढसा रडली. पोर घाबरून म्हणत होती, पुन्हा नाही ओतणार, उद्यापासून रोज पिईन.

"ओत गं माझे बाई," मावशी म्हणाली. "खुशाल ओत."