दादाच्या आवाजाचा डबा

माझा मोठा भाऊ भातकुलीजवळच्या आमच्या शेतात विहिरीत पडला, तेव्हा त्याची हाक शेजारच्या काकांनी ऐकली होती. ऐकून ते मेथीच्या जुड्या बांधत राहिले. कारण मी केलेला डबा.

मी अमरावतीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी चिप, तारा, जुने स्पीकर यांचा नुसता पसारा. बाईमाणसाने हे काय घेऊन बसायचं, असं विचारून सगळे थकले. दादाने मात्र मला कामाला लावलं. "रोही अन् डुकरं तूर ठेवून नाई राह्यले. दिवसाढवळ्या येतात. तुह्या त्या चिपनं काई होते का पाह्य."

बाजारात मशीन मिळतात. त्यात ठरावीक वेळाने तोच कुत्रा भुंकतो आणि चार दिवसांत रोही, म्हणजे नीलगायी, खुशाल चरायला लागतात. असलं भिकार काम मला करायचं नव्हतं. दादालाच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं करून मी त्याच्या आरोळ्या रेकॉर्ड केल्या, शिव्यांसकट. मग चिपमध्ये असा प्रोग्राम टाकला, की कोणती आरोळी कधी येईल याचा नेम नाही. कधी लागोपाठ दोन, कधी तासभर चिडीचूप. माणूस असतोच तसा. रोही फिरकले नाहीत आणि मी हवेत होते. काका सुरुवातीला "काय म्हन्तं बे?" करत धुऱ्यापर्यंत यायचे, दादा हसून बेजार व्हायचा. पुढे त्यांनी यायचं सोडलं.

त्या दिवशी दादा मोटार बघायला विहिरीत उतरला आणि पाय घसरला. कंबर मोडली. मोबाइल वर, काढून ठेवलेल्या शर्टात. तो ओरडत राहिला. विहिरीतून शब्द कळत नव्हते, आवाज मात्र त्याचाच. संध्याकाळी वहिनी बघायला गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

"पोरी, मले वाटलं डब्बाच वरडून राह्यला," काका म्हणाले. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचा त्याहून जास्त आहे, पण तो काढायचा कुणावर?

तेरवीनंतर मी डबा काढायला शेतात गेले. वहिनीने हात धरला.

"तूर निंगू द्या, बाई. त्याईनं पेरली हाय."

"मग दुसरा आवाज टाकते."

"नको."

आम्ही बांधावर बसलो होतो, तेवढ्यात डब्यातून दादाची आरोळी आली. पलीकडच्या वाफ्यात काकांनी हातातला विळा टाकला. लगबगीने धुरा ओलांडून आले, विहिरीत वाकून पाहिलं आणि आमच्याकडे न बघता परत गेले. थोड्या वेळाने दुसरी आरोळी आली, पुन्हा आले.

"काका, तो डबा आहे," मी म्हटलं.

"मालूम हाय मले," ते म्हणाले, आणि काठाला हात टेकून विहिरीत वाकले.