समोरच्या काकूंची अंबाडी

जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमच्या समोर राहणाऱ्या काकू बाल्कनीतल्या कुंड्यांत अंबाडी लावतात. ती कापली की जुड्या बांधून हॉलमधल्या दोरीवर सावलीत वाळवतात. "उन्हात पाला काळा पडतो गं, घाई नाही करायची," म्हणत रोज एकेक जुडी हुंगून बघतात.

अंबाडीचं पान दिसायला थेट गांजासारखं, आणि इथे आखातात गांजा म्हणजे तुरुंगच. मी घाबरून म्हणायचे, "काकू, खलास करा हे, नाहीतर लपवा तरी."

"स्वतः पिकवलेली भाजी लपवू कशाला?"

गेल्या आठवड्यात कुणीतरी तक्रार केली. सिक्युरिटीवाला आला तेव्हा मी काकूंकडेच होते. काकूंनी त्याला सरळ दोरीपाशी नेलं. मग बाल्कनीतल्या कुंडीत कापलेल्या खुंटाला फुटलेलं एक कोवळं पान स्वतः खाल्लं आणि दुसरं त्याला दिलं. "खाके देखो भाऊ, आंबट है."

त्याने चावलं आणि एकदम हसला. "अरे, ये तो गोंगुरा है! मेरी अम्मा इसकी चटनी बनाती है."

जाताना त्याने मला विचारलं, "आप मॅडम की कौन?"

आमचं नातं काहीच नाही. तरी मी ताठ मानेने म्हटलं, "भतीजी."