रिकामी अवतरणचिन्हं

इंग्रजीच्या मॅडमनी माझा निबंध परत दिला. आईने मला आधी जेवून घ्यायला सांगितलं, या वाक्याशेजारी त्यांनी लाल शाईने रिकामी अवतरणचिन्हं काढली होती.

"अगं, तिलाच बोलू दे की," त्या म्हणाल्या. "आणि स्वल्पविरामही आतच ठेव, तिच्या शब्दांजवळ."

शाळेत आम्ही परीक्षेसाठी उलटंच घोटलं होतं. अवतरणचिन्हं गाळायची आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात मिसळून टाकायचं. पण खरं सांगायचं तर मला आईच्या बोलण्याची थोडी लाजही वाटत होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आईचं बोलणं जसंच्या तसं आजवर कुणी कागदावर मागितलं नव्हतं. मॅडमनी त्यासाठी जागा आखून दिली, याबद्दल मला त्यांचे आभार मानता आले नाहीत.

"आधी गिळ, मग शीक," हे मी जमेल तसं इंग्रजीत उतरवलं आणि घरी आईला अर्थ सांगत दाखवलं. तिने चिन्हांच्या मधोमध बोट ठेवलं.

"एवढंच बोलते होय मी?"

"निबंधात एवढंच आहे."

"मग जागा कमी ठेवलीस," असं म्हणत तिने पिठाचे हात पुसले आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली.