बादलीत विरलेले डोंगळे

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडूनसुद्धा नाही — देवापुढे तर मी सरळ दुसराच विषय काढते.

तुम्ही आमच्या इंदिरानगरच्या घरी आलात, तर चपला काढता काढताच विचाराल — अय्या, ही फुलं कसली? सगळेच विचारतात. सोफ्यामागच्या भिंतीवर सिरॅमिकच्या पांढऱ्या लिली आहेत, वेल चढत गेल्यासारख्या मांडलेल्या. मग मला कोण थांबवणार? माती कशी मळायची, पाकळी किती पातळ लाटायची, वाळली की जपून क्लासला नेऊन तिथल्या भट्टीत कशी भाजून आणायची — समोरच्याचा चहा निवेपर्यंत मी सांगत असते. त्या लिलींची माती कुठून आली, तेवढं सांगत नाही.

सासरे गेल्यावर सासूबाई लासलगावकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. जन्मभर शेतात राबलेली बाई चौथ्या मजल्यावर काय करणार? टीव्हीत मन रमेना. गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत बसायच्या. एक दिवस मीच त्यांच्या हातात मातीचा गोळा ठेवला. म्हटलं, आई, करा काहीतरी, वेळ जाईल. मीच दिला हो! माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून आधी सांगून टाकते.

त्यांनी गुलाब केला नाही, कमळ केलं नाही. डोंगळा केला. बियाण्याच्या कांद्याला उंच दांड्यावर बारीक बारीक पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येतो ना, तो. एकेक इवलं फूल नखानं चिमटून त्या मातीच्या गोळ्यावर लावत बसायच्या. 'फुलला ना का, मधमाश्या लय येत्यात यावर,' असं म्हणून स्वतःशीच हसायच्या. आमच्याकडे आल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. डोंगळ्यांनी खिडकीची कड भरली. विलास तर इतका खूश, की त्यानं जाहीरच करून टाकलं — आईचे डोंगळे हॉलच्या भिंतीवर, अगदी मधोमध लावायचे!

मला ते ओबडधोबड वाटले. कांद्याची फुलं कुणी हॉलमध्ये लावतं का? येणारे-जाणारे काय म्हणतील? म्हणून मी —

थांबा. बघा, इथेसुद्धा मी खोटंच लिहायला लागले. ओबडधोबड नव्हते ते.

त्यातला एक मी क्लासला घेऊन गेले होते. गंमत म्हणून, थोडं हसायला म्हणूनच म्हणा ना. आमच्या क्लासच्या बाई फार बोलत नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जातेय, माझं काम हातात घेतात, 'ठीक आहे' म्हणतात आणि खाली ठेवतात. तो डोंगळा त्यांनी खाली ठेवलाच नाही. खिडकीपाशी नेला, फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, 'हे ज्यांनी केलंय त्यांना घेऊन या ना एकदा.' सगळ्या बायका भोवती जमल्या. मी म्हटलं, हो, आणते की. आणि घरी येताना रिक्षात माझ्या डोळ्यांत पाणी आलं — रागाचं. एवढे पैसे, एवढी वर्षं, एवढी पुस्तकं चाळली, आणि ह्या बाईनं खिडकीत बसून, पदराला हात पुसत... जळले हो मी. दुसरा शब्द नाही त्याला.

मग एक दिवस दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या, विलास ऑफिसला. डोंगळे कडक वाळले होते, भाजायला न्यायचे होते. तुम्हाला ठाऊक नसेल, न भाजलेली माती कितीही वाळली तरी पाण्यात ठेवली की विरघळते. मी मागच्या गॅलरीत बादली भरली आणि एकेक डोंगळा आत सोडला. बारीक सुंईं असा आवाज होतो, बुडबुडे येतात. आधी ती इवली फुलं सुटली, मग गोळा बसला. शेवटी नुसता गाळ राहिला. मध्ये एकदा तरी थांबले का मी? नाही. थांबले असते तर आज लिहायला तरी बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, आई, भट्टीत फुटले हो सगळे. आत हवा राहिली असणार. चुरा झाला, तिथेच टाकून आले. क्लासमध्ये सांगितलं, आणताना पडले.

 भट्टीत एकाचं फुटलं तर शेजारचंही तुकडे लागून खराब होतं, हे मीच सासूबाईंना कधीतरी सांगितलेलं. ते त्यांच्या लक्षात होतं. म्हणाल्या, 'माझ्यापायी तुझी फुलं तर नाय ना फुटली गं?'

आता खरं ते सांगते. बादलीचं नाही, हे. मी 'नाही' म्हणू शकले असते. एका शब्दाचं काम होतं. पण 'नाही' म्हटलं तर ही बाई पुन्हा मातीला हात लावेल, हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. मी म्हटलं, 'फुटली ना. माझ्या चांगल्या लिली गेल्या. असू द्या.'

त्यांनी माझा हात धरला आणि माझी माफी मागितली. वयानं केवढ्या मोठ्या! विलासनं नंतर कितीदा माती आणून समोर ठेवली, पण त्यांनी बोट लावलं नाही. म्हणायच्या, 'नको रे, तिची नासाडी व्हती.' पुन्हा गॅलरी, पुन्हा समोरचे कपडे. गेल्या तोवर तेच.

आणि बादलीतला गाळ? निवळला, वरचं पाणी ओतून दिलं, फडक्यावर पसरून सुकवला, मळला. चांगली माती कोण टाकतं? त्याच्याच लिली केल्या. सासूबाई रोज सकाळी कोरड्या फडक्यानं त्या पुसायच्या, फार जपून. पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, 'माझ्यापायी तिची फुलं फुटली व्हती, पन एका शब्दानं बोलली नाय मला. लय मोठं मन हाय माझ्या सुनेचं.'

त्यांच्या तेराव्याला विलासनं हेच सगळ्या भाऊबंदांना सांगितलं. माझ्या चुलत सासूनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी खाली बघत म्हटलं, 'अहो, त्यात काय एवढं.'

आता लिली मी पुसते. परवा वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी विरजण मागायला आली होती. भिंतीपुढे उभीच राहिली. म्हणाली, काकू, किती सुंदर! सगळं तुमच्याच हातचं?

मी हो म्हटलं.