दुपारचा राउंड

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. पाळी बदलताना एखादी नवी नर्स केसपेपर वाचून दाखवायला लागली, की त्या म्हणायच्या, "ते मी नंतर वाचेन. आधी पेशंट दाखव." मग कपाळाला हात, मनगटाला हात, चादरीखाली तळपायांना हात. हातानं पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे.

निवृत्ती जवळ आली तशी त्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. आधीच्या मेट्रनबाई निवृत्त झाल्यावरही सकाळी येऊन ओपीडीच्या बाकावर बसायच्या आणि ओळख ना पाळख अशा माणसांना "काय होतंय?" म्हणून विचारायच्या. ते पाहून सिस्टर वाट वाकडी करून जायच्या. आपल्याला पेन्शनच्या जोडीला चार पैसे देणारं आणि आपलं लक्ष लागेल असं काहीतरी हवं. एक लहानसा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं द्यायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या घरी वरची खोली त्यांची होती.

"बँकेत ठेव आणि गप्प बस," ताई म्हणाल्या.

"ठेवीकडे बघायला काय असतं गं?"

"तेच तर. बघावं लागत नाही म्हणूनच लोक ठेवतात."

पण सिस्टर कुठल्या गप्प बसायला! रजेच्या दिवशी एजंटबरोबर जिने चढायला त्यांनी सुरुवात केली. एजंट पांढरे बूट घालणारा, तोंडात साखर असलेला माणूस होता. तो बाल्कनीतून दिसणारा देखावा दाखवायचा, तेव्हा सिस्टर मोरीत वाकून जाळीचा वास घेत असायच्या. खिडकीखालची भिंत तळव्यानं चाचपायच्या, कानाकोपऱ्यात बोट दाबून पाहायच्या.

"सिस्टर, भिंतीला इंजेक्शन देताय की काय?" त्यानं एकदा विचारलं.

"ओल आहे इथे. वरून रंग मारलाय."

"ती काय, जराशी."

"जराशीच असते सुरुवातीला."

असे बरेच फ्लॅट त्यांनी नापास केले. शेवटी स्टेशनरीच्या दुकानावरचा, दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट पास झाला. वकिलाकडून कागद तपासून घेतले, जन्माची शिल्लक ओतली, उरलेल्याचं कर्ज काढलं. हिशेब सरळ होता. भाडं यायचं आणि त्यातून हप्ता जायचा. पगार होता तोवर एखादा महिना इकडेतिकडे झाला तर चालण्यासारखं होतं. निवृत्तीनंतर मात्र फ्लॅट रिकामा राहिला, तर तो विकूनच मोकळं व्हावं लागणार होतं. या गोष्टीची ताई जेवताना न चुकता आठवण करून देत.

एजंटनं भाडेकरू चांगले आणले. नवरा छापखान्यात मशीनवर, बायको कापडाच्या दुकानात काउंटरला. स्वच्छ, अबोल माणसं. अडीअडचणीला म्हणून एक किल्ली सिस्टरांनी स्वतःकडे ठेवली. तिथेच पाणी मुरलं.

सुरुवातीला त्या काहीतरी निमित्त काढून जायच्या. नळाचा वायसर पाहायचाय, विजेचं मीटर पाहायचंय, खिडकीची कडी नीट लागते ना. भाडेकरीण चहा टाकायची आणि सिस्टर कप हातात धरून घरभर फिरायच्या. कपाट भिंतीला टेकलेलं दिसलं की म्हणायच्या, "थोडं पुढे घ्या, मागे हवा खेळू दे." ओला टॉवेल दारावर दिसला की स्वतःच उचलून बाल्कनीत टाकायच्या. घरी परतल्या की तासभर बरं वाटायचं. मग पुन्हा डोक्यात यायचं, मोरीचा नळ आपण घट्ट फिरवून पाहिला का?

"अगं, घर आहे ते, ऑपरेशन झालेला पेशंट नाही," ताई म्हणायच्या.

"टाके काढेपर्यंत लक्ष द्यावंच लागतं."

"आणि टाके कधी काढणार तू?"

भाडेकरणीचा चेहरा हळूहळू पडायला लागला होता, तो सिस्टरांच्या नजरेतून सुटला नव्हता. वॉर्डात अशा चेहऱ्याच्या माणसाला त्या कमी त्रास देत. म्हणून त्यांनी आपल्या परीनं शहाणपणाचा मार्ग काढला. दुपारी दोघं कामावर असताना जायचं, किल्लीनं दार उघडायचं, चार ठिकाणी हात लावायचा आणि निघायचं. कुणाला त्रास नको, चहा नको.

त्या दुपारी त्यांनी मोरी पाहिली, ओट्याखाली हात घालून पाइप कोरडा असल्याची खात्री केली आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. पडदे ओढलेले होते. पलंगावर भाडेकरू आडवा पडला होता, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळत. त्याला त्या आठवड्यापासून रात्रपाळी लागली होती. सिस्टरांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. भरदुपारी निपचित पडलेला माणूस दिसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप पलंगाकडे वळले. त्यांनी त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं आणि ठोके मोजायला लागल्या.

त्यानं डोळे उघडले. अंधारात आपला हात धरून उभी असलेली घरमालकीण पाहून तो भिंतीला जाऊन चिकटला.

"झोपा, झोपा," सिस्टर म्हणाल्या. "ठोके चांगले आहेत."

संध्याकाळी भाडेकरीण ताईंच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"महिनाअखेरीला आम्ही घर सोडतोय."

"माझं चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं घरात कुणी नाही."

"कुणी नसताना येता, तेही बरं नाही ना पण. ह्यांना मी किती सांगितलं, मनानं चांगल्या आहेत. तर ते म्हणतात, चांगल्याच आहेत, पण मला झोप लागत नाही. तुम्ही नाइट करून आल्यावर कुणी तुमचा हात धरून उठवलं असतं तर?"

सिस्टरांनी खुंटीवरची किल्ली काढली. दिवसा झोपलेल्या नर्सच्या खोलीसमोर चपला वाजवल्या म्हणून त्यांनी हॉस्टेलमध्ये कित्येकींना फैलावर घेतलं होतं.

"किल्ली तुम्हीच ठेवा, मी येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"आता दुसरीकडे बोलणं झालंय आमचं."

फ्लॅट रिकामा झाला. आता हवं तेव्हा जायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि त्या रोज जायच्याही. हात लावायच्या, कोरडंच असायचं. तरी जीव थाऱ्यावर येत नव्हता. निवृत्तीचा समारंभ झाला, हार घातला गेला, फ्लॅट रिकामाच होता. ताईंनी बोलणंच सोडलं होतं, आणि ते टोमण्यांपेक्षा जास्त लागत होतं. शेजारची इस्त्रीवाली म्हणे बाहेर सांगत फिरत होती, की तिथली मालकीण भाडेकरू झोपेत असताना येऊन बघते.

शेवटी एजंट एका जोडप्याला घेऊन आला. तो जिन्यात फोनवर बोलत रेंगाळला होता, तेवढ्यात दोघं आत आली. खिडकी पुसत असलेल्या सिस्टरांना पाहून त्या मुलीनं हळूच विचारलं, "काकू, तुम्ही इथे कामाला का? एक खरं सांगाल? मालकीण कशी आहे? आधीच्या ठिकाणी फार सोसलंय आम्ही."

सिस्टरांच्या हातात फडकं तसंच राहिलं. "चांगली आहे" एवढं म्हटलं असतं, तर हप्त्याचा प्रश्न सुटला असता.

"त्रास देते," त्या म्हणाल्या. "तिला राहवत नाही. आधीचे तिच्यामुळेच गेले. घर घेतलंत तर पहिल्या दिवशी कुलूप बदला, आणि तिला किल्ली देऊ नका. मागितली तरी."

मुलगी नवऱ्याकडे पाहायला लागली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच ती."

आत शिरणारा एजंट दारातच थबकला. त्यानं कपाळाला हात लावला. जोडपं "आम्ही जरा बोलून येतो" म्हणून खाली गेलं.

"सिस्टर, अहो गिऱ्हाईक घालवलंत तुम्ही हातानं."

"गेलं तर गेलं."

पण त्यांचे पाय दाराकडे निघालेच. खाली जाऊन सांगावं, की भिंती कोरड्या आहेत, पाइप नवा आहे. एजंट आडवा आला. "आता खाली जायचं नाही. हात जोडतो."

त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली दुकानासमोर दोघं बोलत होती. तो मान हलवत होता, ती हातवारे करत होती. काचेवरून फिरवलेलं फडकं त्या पुन्हा पुन्हा त्याच जागेवर फिरवत होत्या. मग मुलीनं मान वर केली.

"काकू, पाणी कधी येतं?"

"सकाळी आणि संध्याकाळी," सिस्टर म्हणाल्या. नळ हळू फिरवा, नाहीतर वायसर जातो, हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली.