फरशीवरचे काळे मणी

अम्मावरूंनी, म्हणजे प्रार्थनेच्या हॉलच्या मालकीणबाईंनी, माझ्या मानेवर तेलाचा हात ठेवला, ब्लाउजच्या मागच्या गळ्यात बोटं घातली आणि मंगळसूत्राची पोत ओढली. भर प्रार्थनेत. भरलेल्या हॉलसमोर. दोरा तुटला आणि काळे मणी फरशीवर सांडले. त्यांच्या हातात माईक होता, त्यामुळं तो आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

"नोडी! बघा सगळे!" अम्मावरू कन्नडमध्ये ओरडल्या. "हे लपवून ठेवलंय हिनं. जुन्या देवांचा दोरा! मग नवरा बरा कसा होईल? अडथळा इथं आहे, इथं!"

'इथं' म्हणताना त्यांनी माझ्या छातीवर बोट टोचलं. मागून कुणी तरी "हल्लेलुया" म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

माझा नवरा पुढं चाकाच्या खुर्चीत होता. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेलेली. तो खाली वाकला. डाव्या हातानं मणी वेचायला लागला. वाकता वाकता तोल गेला, खुर्ची सरकली, पडायचाच राहिला. एक माणूस उठला नाही. लोकांना वाटलं तो प्रभूपुढं वाकतोय. डोळे मिटून टाळ्या वाजवत होते, मेले!

आणि मी काय केलं? अम्मावरू म्हणाल्या, "तुझ्या अविश्वासानं नवरा आजारी आहे, हे मान. आमेन म्हण."

मी म्हणाले, "आमेन."

नवऱ्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ते बघणं आठवलं की आजही अंगाची काहिली होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटतं.

आम्ही म्हैसूरचे मराठी. रंगारी. कुठल्या पिढीत इकडं आलो ते आता कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी बोलतो, तीही निम्मी कन्नड. नवऱ्याचा बन्नीमंटपाकडं कापड छापायचा छोटा कारखाना होता. दसऱ्याच्या तोंडावर तर जेवायला फुरसत नसायची. तिथंच, छापायच्या टेबलाजवळ तो कोसळला.

सरकारी दवाखान्यात आमच्यातले लोक आले, बघून गेले. पहिल्यांदा केळी आणली. मग केळीही नाहीत, माणसंही नाहीत. तिथं एक आया होती. फरशी पुसून झाली की नवऱ्याच्या खाटेशी उभी राहायची आणि येशूचं नाव घेऊन हळू आवाजात प्रार्थना करायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मला वाटलं, हिच्या देवाला आमच्यासाठी वेळ आहे. मी पण हात जोडले. नवरा बरा झाला नाही. पण मला एकटं वाटायचं थांबलं. मी येशूकडं गेले ती अशी. कुणी तांदळाचं पोतं दिलं म्हणून नाही, कुणी फसवलं म्हणून नाही.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा सासू म्हणाली, "नवरा जिवंत असताना कपाळ पांढरं केलंस? अय्यो, तुझं तोंड बघायचं नाही मला." ती धाकट्या दिराकडं कृष्णराजनगरला निघून गेली. त्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र काही चालत नाही. मी कुंकू सोडलं, बांगड्या काढल्या. पोत मात्र काढवेना. ब्लाउजच्या आत घेतली, सेफ्टी पिन लावली, वर पदर. सासूला वाटायचं मी काढली, हॉलमध्येही वाटायचं मी काढली. मी आपली दोन्हीकडं चोर.

का काढवेना, ते सांगते. तो कोसळला त्याच्या आधी थोडेच दिवस पोतीचा दोरा झिजला होता. मी म्हटलं, "अहो, सोनाराकडं देऊन येता का?" तो म्हणाला, "सोनार कशाला? रंगाऱ्याच्या घरात दोऱ्याला तोटा आहे का?" स्वतः दोरा काळा रंगवला, वाळवला, एकेक मणी ओवला. गाठ मारताना माझ्या मानेला गुदगुल्या केल्या. त्याच्या उजव्या हातानं केलेलं ते शेवटचं काम. यात कुठला जुना देव आला?

हे अम्मावरूंना सांगायची सोय नव्हती. हॉलची जागा त्यांची. कॉफीचे मळे त्यांचे. पास्टरसुद्धा बोलायच्या आधी त्यांच्याकडं बघणार. आणि माझी चूल त्यांच्यावर. त्यांच्या रेशमी साड्यांना खळ घालणं, पॉलिश करणं हे माझं काम. त्या दिवशी माझी पोत ओढली तेव्हा त्यांच्या अंगावर होती ती जरीची साडी मीच आदल्या दिवशी घडी मोडू नये म्हणून हातावर घेऊन चालत पोचवली होती. तळहाताएवढी जर. देवाला ती दिसत नाही, माझे मणी तेवढे दिसतात होय?

हे सगळं आता सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी खाली मान घालून खुर्ची ढकलत घरी आले.

घरी नवऱ्यानं डावी मूठ उघडली. घामेजलेले मणी. सगळे नव्हते, पण बरेच होते. त्यानं खुणेनं सुई-दोरा मागितला. सुई दातात धरली आणि डाव्या हातानं मणी ओवायला लागला. एक ओवायचा, दोन पडायचे. लाळ गळायची. मी म्हटलं, "द्या इकडं, मी करते." त्यानं हात झटकला. त्याला नीट बोलता येत नाही. शब्द जुळवत जुळवत म्हणाला, "तू... आमेन... म्हणालीस. देव... असा... आहे?"

स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. दवाखान्यात जो प्रभू खाटेशी आला तो काय माझा गळा तपासून आला होता? मी त्यालाच विचारलं. वरून काही आवाज-बिवाज आला नाही. पण रडता रडता लाजेचा राग झाला, आणि राग आल्यावर डोकं चालायला लागलं.

पुढच्या शनिवारी अम्मावरूंनी साड्या द्यायच्या निमित्तानं बोलावलं. म्हणाल्या, "उद्या बेंगळूरूचे पाहुणे येणार. तू साक्ष दे. दोरा काढला आणि नवऱ्याची बोटं हलायला लागली, असं सांग."

"बोटं हललेली नाहीत, अम्मावरू."

"विश्वासानं सांग. मग हलतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग साड्या न्यायला येऊ नको. हॉलमध्येही नको."

साक्ष म्हणजे काय, ते मी त्यांच्याच हॉलमध्ये शिकले होते. देवानं जे केलं ते लोकांपुढं उभं राहून सांगायचं. खरं तेच सांगायचं.

रविवारी, नवऱ्यानं आठवडाभर खपून डाव्या हातानं पुरी केलेली पोत गळ्यात घातली. पदराच्या वर. पास्टरांनी माईक दिला. आधी मराठीत बोलले, नवऱ्याला घरच्या बोलीत सांगायचं होतं म्हणून. मग तेच कन्नडमध्ये.

"माझ्या नवऱ्याची बोटं हलत नाहीत. उद्या हलतील का, मला ठाऊक नाही. माझा प्रभूवर विश्वास आहे. तो आमच्या दुखण्यात आमच्याबरोबर बसलाय. मागच्या रविवारी मी आमेन म्हणाले ते खोटं होतं. माझा नवरा माझ्या पापानं आजारी नाही. हे मणी त्यानं ओवलेत. हे मी काढणार नाही."

अम्मावरू उठल्या. "सुम्ने इरु!" म्हणाल्या. गप्प बस! माईक हिसकावून घेतला. पण माझं सांगून झालं होतं. या वेळी कुणी हल्लेलुया म्हणालं नाही. पुढच्या रांगेत एकच आवाज आला, तुटका, बोबडा. माझा नवरा म्हणाला, "आ... मेन."

काम गेलं. आता मी फॉल लावते, फाटकं शिवते. ओढाताण आहे. सासू अजून तोंड बघत नाही. नवरा तसाच आहे. लाजही गेलेली नाही. पोत ओढली त्याची लाज अम्मावरूंना, त्यांची त्यांनी बघावी. मला माझ्या त्या पहिल्या आमेनची आहे, आणि ती मी विसरणार नाही. विसरले तर पुन्हा कुणी तरी माझ्याकडून तसंच म्हणवून घेईल.

उद्या रविवार. मी जाणार. खुर्ची ढकलत जाणार, पोत पदरावर घेऊन जाणार. जागा त्यांची असेल, प्रभू काही त्यांच्या जमिनीच्या कागदावर चढलेला नाही. आत घेतलं तर पहिल्या रांगेत बसेन. दार लावलं तर पायरीवर बसेन, नवऱ्याची खुर्ची शेजारी लावेन आणि तिथंच प्रार्थना करेन. मराठीत. मोठ्यानं.